श्वासाची टाकी आणि सोड्याची बाटली

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी खांद्यावर एक जड वस्तू घेऊन शाळेच्या फाटकातून आत आला. कोकण किनाऱ्यावर मालवणच्या बाजूला, पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन आणणाऱ्या एका होडीवर तो काम करतो. पाणबुडे पाठीला बांधतात ती स्कूबाची टाकी त्याने आणली होती. टाकी जुनी झाली होती, मालकाने ती बाजूला टाकली होती आणि आमच्या विद्यार्थ्याने ती मागून घेतली होती. "सर, ही शाळेला. हिच्यात गॅस भरला की सोडा तयार होतो म्हणतात. महोत्सवाला येणाऱ्या सगळ्यांना आपण शाळेतच लिंबूसोडा करून पाजू," असे तो म्हणाला. ज्याने वसतिगृहात राहून दहावी केली, ज्याच्या घरून आठवीत असताना वहीचे पैसेही वेळेवर येत नसत, त्याने शाळेला दिलेली ही पहिली भेट होती.

शिक्षककक्षात लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, टाकी मजबूत आहे, करून पाहू. दुसरा म्हणाला, ही भानगड नको. दोन्ही पक्षांचे मत ऐकीव माहितीवर उभे होते. केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी जो उपदेश केला तो आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेला आहे. ऐकीव म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणूनही मानू नका. स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. तेव्हा आम्ही त्याला म्हटले, "अरे, भेट स्वीकारली. पण उत्तर आम्ही तपासून देऊ आणि स्मरणिकेत लिहून देऊ." प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर होय.

सोडा म्हटले की आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पंचशीलातील पाचवे शील आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आम्ही विसरलेलो नाही. येथे सोड्याच्या सोबतीला लिंबू, मीठ आणि फार तर कोकम एवढेच आहे.

पाण्यात वायू कसा मुरतो

सोडावॉटर म्हणजे कार्बन डायऑक्साइड हा वायू मुरवलेले पाणी. त्याचा शोध दारूच्या कारखान्याशेजारी लागला हा इतिहासातला एक विनोदच म्हणावा लागेल. १७६७ साली इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रिस्टले नावाचे धर्मोपदेशक राहावयास आले. त्यांच्या घराला लागून बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर एका जड वायूचा थर साचतो आणि त्यात जळती काडी विझते, हे त्यांनी पाहिले. त्या थरात धरून त्यांनी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतले, तेव्हा पाण्याला चुरचुरीत आंबूस चव आली. १७७२ साली त्यांनी ही कृती छापून प्रसिद्ध केली. पुढे १७८३ साली जिनिव्हा येथे याकोब श्वेप यांनी त्यावर धंदा उभा केला. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने मानेत काचेची गोटी असलेल्या बाटलीचे एकस्व घेतले. हीच आपली गोटी सोड्याची बाटली. ती उलटी धरून भरतात. आतील वायूचा दाब गोटीला रबरी कड्यावर दाबून बसवतो आणि बाटलीचे तोंड आपोआप बंद होते. जो दाब बाहेर पडू पाहतो तोच दार लावून घेतो, ही त्या बाटलीतली खरी हुशारी.

यामागचा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला. द्रवावर वायूचा दाब जितका अधिक, तितका तो वायू द्रवात अधिक मुरतो. त्याला जोडून दुसरी गोष्ट अशी की पाणी जितके थंड, तितका वायू अधिक सामावतो. चांगल्या सोड्यात लिटरमागे सुमारे आठ ग्रॅम वायू असतो. फ्रीजमधील पाण्यात एवढा वायू मुरवायला वातावरणाच्या दाबापेक्षा दोन बार इतका जास्त दाब पुरतो. एक बार म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाएवढा दाब. तेच पाणी तीस अंशांवर असेल, तर पाच बारच्या आसपास दाब द्यावा लागतो. म्हणून सोडा करणारा जाणता माणूस आधी पाणी गार करतो आणि मगच वायू सोडतो.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पाणी हा आपल्या समाजाला केवळ रसायनशास्त्राचा विषय कधीच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे. आमच्या वडिलांच्या पिढीने गावच्या हॉटेलात वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपबश्या पाहिल्या आहेत. म्हणून आपल्या वसतिगृहातील एकाच माठातून, एकाच पेल्याने सर्वांनी पाणी पिण्याला आम्ही साधी गोष्ट मानत नाही. आपल्या विद्यार्थ्याला सर्वांना एका टाकीतला सोडा पाजावासा वाटला, त्यात हीच जाणीव होती.

टाकी कशासाठी असते

आता टाकीकडे वळू. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली मागेल तितकीच हवा देणारे यंत्र सिद्ध केले आणि माणूस पाठीवर श्वास बांधून समुद्रात मोकळा फिरू लागला. या टाकीत ऑक्सिजन असतो, असा पुष्कळांचा समज आहे. सर्वसाधारण स्कूबा टाकीत ऑक्सिजन नव्हे, तर गाळलेली, कोरडी, साधी हवा असते. ती फक्त अतिशय दाबून भरलेली असते. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत अकरा लिटर पाणी मावेल एवढीच जागा असते. पण दोनशे बारांहून अधिक दाबाने भरल्यामुळे तिच्यात सुमारे बावीसशे लिटर हवा बसते. रिकामी टाकी चौदा किलोंच्या घरात भरते आणि आतल्या हवेचे वजन आणखी अडीच-पावणेतीन किलो होते. हवेलाही वजन असते, हे सातवीच्या मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

सोड्याला दोन-तीन बार पुरतात आणि ही टाकी दोनशे बार सहन करते. मग अडचण कोठे आहे? "मजबूत आहे, करून पाहू" म्हणणारा पक्ष येथेच थांबला होता. टाकीच्या भिंतीचा त्यांनी विचार केला, आत भरावयाच्या वायूचा स्वभाव पाहिला नाही.

दोन वायू, दोन स्वभाव

हवा कितीही दाबली तरी आपल्या उन्हाळ्या-हिवाळ्यात ती टाकीत वायूच राहते. वापर होईल तसा दाब उतरतो आणि काटा पाहून पाणबुड्याला किती हवा उरली हे कळते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. वीस अंशांवर सत्तावन्न बार दाब होताच तो द्रव होऊ लागतो. टाकीत खाली द्रव आणि वर वायू अशी स्थिती राहते. वरचा वायू वापरला की खालचा द्रव उकळून त्याची जागा भरतो. त्यामुळे टाकी भरलेली असो की पाव उरलेली, दाबाचा काटा जवळपास तेथेच राहतो. किती माल शिल्लक आहे हे काटा सांगत नाही, वजनकाटा सांगतो. म्हणून हा वायू नेहमी तोलून भरतात.

तोलण्यातही एक मर्यादा आहे. टाकीत जितके किलो पाणी मावते, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश किलोच हा वायू भरावयाचा असतो. अकरा लिटरच्या टाकीत साधारण साडेसात किलो. बाकीची जागा मुद्दाम मोकळी ठेवतात, कारण उष्णतेने द्रव फुगतो. एकतीस अंशांच्या वर तर या वायूचा द्रवच राहत नाही. सगळा एकच दाट वायू होतो आणि दाब झपाट्याने चढतो. ज्या देशांत घरगुती हौस म्हणून हे प्रयोग होतात, तेथे एकतीस अंश म्हणजे कडक उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. बरोबर तोलून भरलेल्या टाकीतही तेव्हा दाब शंभर बारांच्या वर जातो. डोळ्यांच्या अंदाजाने भरलेल्या, काठोकाठ भरलेल्या टाकीत तो कोठवर जाईल, याचा विचारही नको. म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत असा सिलिंडर कधीही ठेवू नये.

बदल करावयाचा झाला तर

असे बदल परदेशांत केले जातात, हे खरे आहे. ते रीतसर कसे करतात, हे आम्ही समजून घेतले. त्याचे मुख्य टप्पे असे :

पहिला टप्पा तपासणीचा. टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे ही तिची जन्मपत्रिका असते. त्यांत तिचा दाब आणि चाचण्यांच्या तारखा असतात. दर पाच वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी व्हावी लागते. टाकी पाण्याने भरून तिच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे पावणेदोन पट दाब देतात, ती किती फुगली हे मोजतात आणि दाब काढल्यावर ती पूर्ववत झाली की नाही हे पाहतात. चाचणीला हवा न वापरता पाणी वापरण्याचे कारण असे की पाणी दाबले जात नाही. टाकी फुटलीच तर पाणी सांडते, हवेप्रमाणे स्फोट होत नाही. जुन्या टाक्यांपैकी ६३५१ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या टाक्यांना गळ्याशी बारीक तडे जातात असे आढळल्याने त्यांची वेगळी तपासणी करावी लागते. टाकी पोलादी असेल आणि आत ओल राहिली, तर कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून आम्ल होते आणि पोलाद आतून गंजते.

दुसरा टप्पा तोंडाचा. स्कूबाचा व्हॉल्व्ह काढून त्या जागी कार्बन डायऑक्साइडचा व्हॉल्व्ह बसवतात. दोन्हींचे आटे आणि जोड मुद्दामच वेगळे ठेवलेले आहेत, एकाचे दुसऱ्याला लागू नये म्हणून. जोड लागत नाही ही गैरसोय नाही, ती ताकीद आहे. पाणबुड्याचा रेग्युलेटरही येथे चालत नाही. तो दाब नऊ-दहा बारांवर आणतो, तो सोड्याच्या बाटलीला फार होतो आणि या वायूने त्याच्यातील रबरी कड्याही फुगतात. सोड्यासाठी दोन-तीन बार देणारा रेग्युलेटरच हवा आणि दाब घेण्यासाठी बनवलेलीच बाटली हवी. घरातल्या साध्या काचेच्या बाटलीत वायू सोडणे म्हणजे तोंडावर काचा उडवून घेणे होय.

तिसरा टप्पा वापराचा. टाकी उभीच राहिली पाहिजे आणि साखळीने बांधलेली असली पाहिजे. ती आडवी झाली तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो, बाहेर येताच त्याचा उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा बर्फ होतो आणि त्याने कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय वायू खाण्यापिण्यासाठी शुद्ध केलेलाच हवा. वेल्डिंगच्या दुकानातला चालत नाही.

चौथा टप्पा कायद्याचा. आपल्या देशात २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. ते राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. एका वायूसाठी मंजूर झालेल्या सिलिंडरमध्ये आपल्या मनाने दुसरा वायू भरता येत नाही.

या सर्वांहून मोठी अट पाचवी आहे. एकदा कार्बन डायऑक्साइड भरलेली टाकी पुन्हा कधीही श्वासासाठी वापरावयाची नाही. बाहेरून पाहता टाकी तीच दिसते. कोणी अनवधानाने ती परत किनाऱ्यावर नेली, उरलेल्या वायूवरच हवा भरली आणि कोणा पोराच्या पाठीवर बांधली तर? तीस मीटर खोलीवर दाब चौपट असतो. तेथे हवेत मिसळलेला शेकडा एक भाग हा वायूसुद्धा शरीरावर शेकडा चार भागांसारखा परिणाम करतो. ज्या टाकीने श्वास द्यावयाचा, तीच श्वास हिरावून घेईल.

न दिसणारा वायू

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो हवेच्या दीडपट जड आहे. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण शेकडा एका भागाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे असते. ते शेकडा पाचवर गेले की धाप लागते, डोके दुखू लागते. शेकडा दहावर काही मिनिटांत शुद्ध हरपते. साडेसात किलोंच्या टाकीत मोकळ्या वायूच्या हिशेबाने सुमारे चार हजार लिटर माल असतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत ही टाकी रात्रभर गळली, तर त्या खोलीतील प्रमाण शेकडा तेराच्या घरात जाते. त्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून लेकरे झोपली असतील, तर काय होईल, हे सांगावयास नको.

ही गोष्ट आपल्या जुन्या माणसांना पुस्तकाशिवाय माहीत होती. धान्याचे पेव उघडल्यावर लगेच आत उतरावयाचे नाही, आधी कंदील सोडावयाचा आणि तो विझला तर थांबावयाचे, हे शेतमजुरी करणारा प्रत्येक जण जाणत असे. पेवातले धान्य श्वास घेते आणि हाच वायू तळाशी साचतो. मात्र कंदिलाची ही रीत गटाराला आणि मैल्याच्या टाकीला लावू नये. तेथे पेट घेणारा मिथेन असतो आणि त्याच्या जोडीला अत्यंत विषारी हायड्रोजन सल्फाइडही असतो.

येथे पोहोचल्यावर आमची लेखणी थबकली. आम्ही टाकीचा विचार करीत होतो आणि डोळ्यांपुढे येत होती ती गटारात उतरणारी माणसे. हौसेने मासे पाहावयास समुद्रात उतरणाऱ्याच्या पाठीवर श्वासाची टाकी असते, शेजारी शिकवणारा असतो आणि काट्यावर नजर असते. पोटासाठी गटारात उतरणाऱ्याच्या कमरेला पुष्कळदा एक दोर असतो आणि कधी तोही नसतो. एक बेशुद्ध पडला की त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोही राहतो. ही माणसे कोणत्या समाजाची असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. २०१३ चा कायदा आणि त्याचे नियम संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास मनाई करतात. त्या साधनांच्या यादीत श्वसनयंत्र आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. श्वास पाठीवर बांधण्याची विद्या १९४३ पासून जगाला येते. ती गटाराच्या तोंडाशी पोहोचली नाही, याचे कारण विज्ञानात शोधून सापडणार नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे नगरपालिकांत, ठेकेदारांकडे, सोसायट्यांत काम करतात, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : साधन मिळाल्याशिवाय स्वतः उतरू नका, दुसऱ्याला उतरू देऊ नका आणि कोणी आत पडला तर त्याच्यामागे उडी न घेता आधी अग्निशमन दलाला बोलवा.

टाकीचे काय झाले

आपल्या विद्यार्थ्याला घेऊन आम्ही ती टाकी एका मान्यताप्राप्त चाचणी केंद्रावर नेली. खांद्यावरची शेवटची तारीख दहा वर्षांपूर्वीची निघाली. तपासणाऱ्याने आत बारीक दिवा सोडला आणि आम्हांलाही पाहावयास लावले. गळ्याखाली खाऱ्या पाण्याने खाल्लेले खड्डे स्पष्ट दिसत होते. पाण्याच्या चाचणीपर्यंत जाण्याची गरजच पडली नाही. त्यांनी टाकी बाद ठरवली. विद्यार्थी परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मालकाच्या होडीवर अशा आणखी चार आहेत. त्या रोज भरतात." त्या चारही टाक्यांच्या तारखा पाहून घेण्याचे आणि जुन्या निघाल्यास पाठीवर न घेण्याचे त्याने ठरवले. पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. दोन टाक्या चाचणीला गेल्या होत्या, दोन बंद केल्या होत्या. शाळेला मिळालेली खरी भेट आम्ही हीच समजतो.

म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. स्कूबाच्या टाकीतून सोडा करता येतो, पण घरी, आपल्या हाताने, जुन्या टाकीतून तो करू नये. हौस असेल तर त्याच कामासाठी बनवलेले घरगुती यंत्र आणि त्याचा छोटा सिलिंडर घ्यावा. मोठ्या कार्यक्रमाला परवानाधारकाकडून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर भाड्याने आणावा, उघड्या मांडवात उभा बांधावा आणि पाणी आधी गार करावे. महोत्सवाचा लिंबूसोडा आपण तसाच करणार आहोत.

बाद टाकी पुन्हा कोणी भरू नये म्हणून ती केंद्रातच कापली. गळ्याचा भाग त्यांनी ठेवून घेतला, बुडाचा भाग विद्यार्थ्याने मागून आणला. बुडाला भोक पाडून, साखळी ओवून तो आता शाळेच्या व्हरांड्यात टांगला आहे. इतकी वर्षे आपण रुळाच्या तुकड्यावर तास वाजवत आलो. आता प्रार्थनेची, जेवणाची आणि सुट्टीची घंटा या टाकीवर वाजते. आवाज खणखणीत आहे, मुलींच्या वसतिगृहापर्यंत पोहोचतो. महोत्सवाला याल तेव्हा अवश्य वाजवून पाहा.

जय भीम.